मागच्या सीटवरून परतवाडा

आमच्या धरमपेठेतल्या घरात देवांना एक कोनाडा पुरत होता, पण मोटारसायकलींना अख्खी पडवी लागायची. भाड्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ही पडवी. पडवीत डाव्या हाताला बाबांची गाडी, उजव्या हाताला विजूकाकाची, आणि मधून अंग चोरून घरात शिरायचं. पाहुणी बाई आली की तिच्या साडीला कुठेतरी ग्रीस लागायचंच, मग आई रॉकेलचा बोळा घेऊन तिच्या मागेमागे फिरायची. संध्याकाळी दोघे भाऊ घरी आले की गरम इंजिनं थंड होताना टिक, टिक, टिक करत राहायची. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या टिकटिकीवर अभ्यास करायची मला इतकी सवय झाली होती की परीक्षेच्या हॉलमधली शांतता सहन होत नसे. निदान इंग्रजीत गटांगळ्या खाल्ल्यावर घरी मी हेच कारण सांगितलं होतं, आणि बाबांना ते पटलंही होतं.

बाबा सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत सर्व्हेच्या ऑफिसात होते. रोज मोटारसायकलनं जायचे आणि यायचे. त्यांची गाडी जुन्या घडणीची, जड, एकाच मोठ्या सिलिंडरची. नुसती उभी असली तरी रस्ता अडल्यासारखं वाटायचं, आणि सुरू झाली की शेजारच्या देशकरांच्या कपाटातल्या कपबश्या वाजायच्या. आईनं तिचं नाव ठेवलं होतं म्हैस. विजूकाका बाबांचा धाकटा भाऊ, औषधं विकायला गावोगाव फिरायचा. त्याची गाडी हलकी, टू-स्ट्रोक, किरकिऱ्या आवाजाची, मागे निळा धूर सोडणारी. ती टिटवी. काकाचं लग्न जमत नव्हतं, आणि त्याला कारण टिटवीचा धूर आहे असं बाबांचं मत होतं. ‘पोरीचा बाप याले पाह्यलेच येते, पण धुरात दिसतच नाही,’ असं ते म्हणायचे. तिसरी गाडी आमची नव्हती, पण भांडणात असायची. देशकरांनी नवी, शंभर सीसीची, जपानी वळणाची गाडी घेतली होती. ती सुरू आहे की बंद हे कान लावून बघावं लागे. तिचं नाव मुकी.

रात्रीच्या जेवणाला विषय ठरलेला. लांबच्या पल्ल्याला आरामाची गाडी कोणती? बाबांचं म्हणणं, जड गाडीला पर्याय नाही. ट्रक बाजूनं गेला तरी ती हलत नाही, माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, आणि तिचा तो धडधड ठोका अंगाला लोरीसारखा लागतो. काका म्हणायचा, लोरी कसली, उखळात बसल्यासारखं वाटते. हलकी गाडी खड्डा चुकवते, जड गाडी खड्डा शोधते. त्यावर बाबा टिटवीच्या हँडलचा विषय काढायचे, की पंधरा-वीस मैल गेलं की हातापायाला अशा मुंग्या येतात की उतरल्यावर आपले पाय कोणते ते मोजून घ्यावे लागतात. एवढ्यात देशकर हात पुसत कुंपणाशी यायचे आणि म्हणायचे, ‘अहो, आवाजच नाही तर थकवा कुठून येणार?’ या एका बाबतीत दोघे भाऊ एक व्हायचे. मुकीच्या हलकेपणावर, तिच्या पिटुकल्या चाकांवर, आणि वारा आला की ती रस्ता सोडून शेतात चालायला जाते यावर ते देशकरांना पार नामोहरम करून पाठवायचे. आई या वेळात गोळाभातावर गरम फोडणी ओतत उभी असायची. ‘भात थंडा होऊन राहिला,’ एवढंच तिचं या चर्चेतलं योगदान.

खरं तर त्या सगळ्या गाड्यांवरून लांब लांब गेलेलं आमच्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे आई. तिचं माहेर परतवाड्याचं. लग्नानंतरची पहिली वर्षं ती बाबांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून माहेरी गेली, मग म्हशीवर. बाबांना सुट्टी नसेल तेव्हा अमरावतीपर्यंत काकाच्या टिटवीवर. कोराडीच्या देवळापर्यंत मुकीचाही अनुभव घेऊन झाला होता, कारण देशकरांनी ‘वहिनींना बसवून बघाच’ म्हणून बाबांच्या हातात चावी कोंबली होती. आणि हे सगळं साडीत, एका अंगानं, दोन्ही पाय डावीकडे सोडून. तिला कोणी विचारलं नाही. मीच एकदा विचारलं, ती कणीक मळत होती तेव्हा. तर तिनं मळता मळता सगळा हिशेब सांगितला. स्कूटरचं सीट रुंद, पण चाकं लहान, त्यामुळे प्रत्येक खड्डा आपल्याशी वेगळा बोलतो. म्हशीला मागचं सीट वेगळं, खाली स्प्रिंगा. खड्डा आला की पहिले वर जायचं, आणि खाली येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. टिटवीवर सीट म्हणजे पाट, आणि घरी आल्यावर साडी दोनदा धुवावी लागते. मुकी मऊ आहे, पण तिचं सीट पुढे उतरतं, ‘बिरेक मारला का मी तुह्या बाबाच्या पाठीवर. देवळात चाललो का कुठी चाललो, लोकं पाह्यतेत.’

‘मंग सगळ्यात चांगली कोणती वं आई?’

‘यष्टी,’ आई म्हणाली.

तिनं मला अजून एक गोष्ट सांगितली होती, ती मला फार दिवस पुरली. डावीकडे तोंड करून बसल्यामुळे अमरावतीचा रस्ता तिनं कधी पूर्ण पाहिलाच नव्हता. जाताना एका बाजूची शेतं, येताना दुसऱ्या बाजूची. कोंढाळीचं अर्धं गाव जाताना आणि अर्धं गाव येताना. दोन्ही अर्धी एकमेकांना कशी जोडली आहेत हे तिला माहीत नव्हतं.

आता माझ्या मनीषनगरच्या फ्लॅटखाली माझ्या नातवाची गाडी उभी असते. उंटासारखी उंच, तिला तीन बाजूंनी पेट्या. लडाखला जाण्याआधी महिनाभर तो मोबाईलवर गाड्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघत होता. मीही चहा घेता घेता बघितले. सीटची उंची, हँडलचा कोन, गुडघा किती वाकतो, वारा छातीवर येतो की हेल्मेटवर, जेल भरलेलं सीट घ्यावं की हवेचं. मुलं फार मन लावून बोलतात. मी सगळं ऐकून विचारलं, ‘आणि मागे बसणाऱ्याचं काय?’ तर तो म्हणाला, ‘आजी, मागे बॅग बांधतात.’

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, त्या वर्षी थंडीत परतवाड्याला माझ्या मावशीचं लग्न निघालं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी आबाजी, म्हणजे आईचे वडील, आणि मावशी, दोघंच. आई मोठी बहीण, त्यामुळे मावशीला पहिली हळद आईच्या हातची लागायची होती. आई महिनाभर त्याच तयारीत. आणि आम्ही निघायच्या दोन दिवस आधी एसटीचा संप झाला. बडनेऱ्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही अशी बातमी काका स्टेशनवरून घेऊन आला. आईचा चेहरा पडला. बाबांचा मात्र उजळला. ‘काही चिंता नाही,’ ते म्हणाले, ‘मोटारसायकलनं जाऊ. तू माह्या मागं, नलू विजूच्या मागं. कोण आरामात पोचते ते पोचल्यावर पाहू. एकदाचा निकाल लागून जाऊ दे.’ काका लगेच तयार झाला. निकाल आमच्या दोघींच्या कमरांवर लागणार होता, पण त्याबद्दल आमचं मत कोणी घेतलं नाही.

हळदीच्या दिवशी पहाटेच निघालो. बाबांनी स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र लावलं होतं, काकानं दोन लावली होती. डब्यात आईनं सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आणि दशम्या भरल्या होत्या. नागपूरच्या वेशीवरची वाडी सोडली आणि थंडी कपड्यांतून आत शिरायला लागली. टिटवीवर मी काकाच्या पाठीआड डोकं घातलं होतं. कोंढाळीला चहाला उतरले तेव्हा माझ्या पायांत खरोखर मुंग्या होत्या आणि काका विचारत होता, ‘आराम आहे ना?’ पलीकडे आई म्हशीवरून उतरून टपरीच्या खांबाला धरून उभी होती. बाबा लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘पाह्य, काही जाणवलं तरी काय?’ आई म्हणाली, ‘नाही. आता काहीच जाणवत नाही.’ बाबांनी हे आपल्या बाजूचं मत धरलं.

घोटाळा झाला तळेगावला. तिथे पुन्हा चहा झाला, डबा उघडला, ऊन अंगावर घेतलं. निघताना बाबांनी म्हशीला लाथ मारली. ती सुरू झाली नाही. दुसरी मारली. तिसरी मारताना त्यांच्या तोंडून ‘आई गं’ असा बारीक आवाज आला आणि ते अर्धे वाकलेले तसेच राहिले. कमरेत उसण भरली होती. काकानं धावत जाऊन गाडी धरली, आम्ही दोघींनी बाबांना धरलं. बाकावर बसवलं तर बसता येईना, उभं केलं तर सरळ होता येईना. टपरीवाल्यानं गरम विटेचा शेक दिला, एका ड्रायव्हरनं कसलीशी गोळी दिली. तासाभरानं बाबा बसू शकायला लागले, पण म्हैस तोलणं त्यांना शक्यच नव्हतं. आरामाच्या गाडीनं माणूस असा आडवा केला हे काकाला बोलून दाखवायचं होतं. भावाकडे बघून त्यानं ते गिळलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता करायचं काय? काका म्हणाला, ‘मी वहिनीले घेऊन पुढं जातो. हळद लागली पायजे. तुमी दोघं इथंच थांबा, मी उद्या परत येतो.’

‘उद्या?’ बाबा म्हणाले. ‘अन् पोरीले घेऊन रातभर मी टपरीवर बसू?’

‘मंग टेम्पो पाह्यतो एखादा.’

संपामुळे जो टेम्पो यायचा तो माणसांनी ओसंडत यायचा. दोन तसेच गेले. ऊन चढत होतं. आई एकदा रस्त्याकडे बघत होती, एकदा म्हशीकडे. मग तिनं बाबांपुढे हात केला.

‘चावी द्या.’

‘काहून?’

‘मी चालवतो.’

काका हसला. बाबांनाही हसायचं होतं, पण कंबर हसू देईना. आईनं वाट पाहिली नाही. ती टपरीच्या मागे गेली आणि परत आली तेव्हा साडीचा काष्टा घातलेला, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बाबांच्या खिशातून तिनं स्वतः चावी काढली. म्हशीवर टांग टाकून बसली, हँडलखालची बारीक कळ दाबून किक हळूच अर्धी खाली नेली, कान दिला, कळ सोडली आणि सगळं अंग उचलून एक लाथ मारली. म्हैस सुरू झाली. टपरीवरचे सगळे लोक उठून उभे राहिले.

बाबांचं तोंड उघडं होतं. काकानं विचारलं, ‘वहिनी, तुमाले येते?’

‘आबाजी कामाले होते त्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात चालवत होतो. त्यायची मिल्ट्रीची जुनी फटफटी होती. रुईचा हंगाम संपला का आवार मोकळं राहे. लगन ठरलं तवा आई म्हणे, हे तिकडं बोलू नको.’

‘पण एवढ्या वर्षांत सांगितलं नाही!’ बाबा म्हणाले.

‘तुमी कधी इचारलं?’ आई म्हणाली. ‘बसा.’

लायसनचा प्रश्न काकाच्या डोक्यात आला होता असं त्यानं नंतर सांगितलं. त्या वेळी बोलायची हिंमत झाली नाही. आम्ही दोघांनी बाबांना उचलून त्या स्प्रिंगच्या सीटवर ठेवलं, आणि दोन्ही गाड्या निघाल्या. पहिला अर्धा मैल म्हैस जरा वळवळली. मी काकाच्या पाठीवर डोकं टेकवून रामरक्षा म्हणायला घेतली, ती अर्धवट सोडून द्यावी लागली, कारण आई आमच्या पुढे निघून गेली होती. आम्ही बरोबरीला आलो तेव्हा बाबांच्या सूचना ऐकू येत होत्या. ‘गेर बदल. बदलला? मंग ठीक. बैल आहे, बैल! हॉर्न दे!’ थोड्या वेळानं सूचना कमी झाल्या आणि त्यांच्या जागी दुसरेच आवाज यायला लागले. खड्डा आला की बाबा पहिले वर जायचे, आणि खाली येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. तिवस्याच्या आधी त्यांनी आईच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवली. उतरून, म्हणजे आम्ही उतरवल्यावर, त्यांनी त्या सीटकडे बराच वेळ पाहिलं.

‘हे सीट असंच आहे काय पहिल्यापासून?’

‘असंच आहे,’ आई म्हणाली.

बाबांनी माझी शाल मागितली, तिची घडी केली, सीटवर ठेवली आणि बसले. आई मात्र निघायला तयार नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती. दोन्ही बाजूंना कडुनिंब, मधून रस्ता सरळ गेलेला, टोकाला उन्हात थरथरणारा. ‘नलू,’ ती मला म्हणाली, ‘रस्ता समोरून असा दिसते काय वं!’ मी हो म्हणाले.

दिवेलागणीला आम्ही परतवाड्यात शिरलो. मांडवापुढे माणसं उभी होती. म्हशीचा आवाज आला तसे सगळे वळले, आणि आईला पुढच्या सीटवर बघून वाजंत्रीवाल्याची सनई मध्येच थांबली. आबाजी धोतर सावरत पुढे आले. त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि आईला विचारलं, ‘बिरेक कसा आहे?’

‘पुढचा जरा ढिला आहे आबाजी.’

‘पाहून देतो उद्या,’ आबाजी म्हणाले. मग ते घाईनं आत गेले. मी पाण्यासाठी मागच्या अंगणात गेले तर ते भिंतीकडे तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत उभे होते.

मावशीला हळद आईनंच लावली. दिवसभर हँडल धरून तिचे हात इतके आखडले होते की मावशीच्या गालावर एक पट्टा कानापर्यंत गेला आणि दुसरा नाकावर चढला. मावशी हसायला लागली, आई हसायला लागली, मग दोघी रडल्या, आणि आजूबाजूच्या बायांनी ‘पुरे वं बाई’ म्हणून दोघींचे गाल पुसले. बाबांना आतल्या खोलीत पालथं घालून कोणीतरी तिळाच्या तेलानं चोळत होतं. तिथून आवाज आला, ‘लागली काय हळद?’ लागली म्हटल्यावर ते म्हणाले, ‘चांगलं झालं,’ आणि पुन्हा कण्हायला लागले.

लग्न थाटात झालं. परत निघताना बाबांची कंबर बरीच सुटली होती, पण किक मारायची मनाई होती. तेव्हा त्यांनी तह केला. वाडीपर्यंत आईनं चालवायचं. वाडीला ते पुढे बसणार, कारण तिथून नागपूर लागतं, ओळखीचे लोक भेटतात, आणि ‘मले उद्या ऑफिसात जायचं आहे.’ आईनं मान डोलावली. आबाजींनी ब्रेक आवळून दिला होता. वाटेत बाबा सूचना देत नव्हते. काका टिटवी त्यांच्या बरोबरीला नेऊन मुद्दाम विचारायचा, ‘दादा, आराम आहे ना?’ बाबा उजवीकडच्या शेतांकडे बघत राहायचे.

वाडीला ट्रकांच्या रांगेच्या पुढे आईनं गाडी कडेला घेतली. काकानंही थांबवली. आई उतरली, काष्टा सोडायला टपरीकडे वळली. बाबा सीटवरून हलले नाहीत.

‘पुढं सरका ना,’ आई म्हणाली. ‘वाडी आली.’

‘मले दिसते.’

‘मंग?’

बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शालीची घडी बुडाखाली नीट केली. ‘चाल,’ ते म्हणाले. ‘संध्याकाळ होऊन राहिली. गर्दीत आता कोण बदलाबदली करते!’

आईनं पदर पुन्हा कमरेला घट्ट खोचला. मग परत टांग टाकून बसली. आम्ही मागून बघत होतो. म्हैस रविनगरच्या चौकातून, ऐन गर्दीतून, आमच्या गल्लीत शिरली. बाबा दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा चेहरा करून ताठ बसले होते, दोन्ही हात आईच्या खांद्यांवर. देशकर कुंपणाशी मुकी पुसत होते. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

‘काय हो, तब्येत बरी नाही काय?’

‘एकदम फस्क्लास आहे,’ बाबा उतरता उतरता म्हणाले. ‘मागचं सीट तपासून राहिलो.’

पुढच्या रविवारी ते म्हशीला घेऊन सीट शिवणाऱ्याकडे गेले, मीही मागे बसून गेले होते. त्यांनी मागचं सीट काढायला लावलं, स्प्रिंगा काढून टाकायला सांगितल्या, आणि दाबून दाबून सगळ्यात जाड फोम निवडला. सीटवाल्यानं कौतुकानं विचारलं, ‘वहिनींसाठी काय?’

‘नाही गा,’ बाबा म्हणाले. ‘माह्यासाठी.’